शृंगी घुबडाच्या जेवणाचा हिशेब

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला खरं तर गरुड हवा होता. शिकारी पक्ष्यांवर काम करायचं म्हटलं की प्रत्येकाला गरुडच हवा असतो. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गरुडाचं घरटं सापडेपर्यंत तुझी परीक्षा होऊन जाईल. तुमच्या गावाकडच्या ओढ्यात शृंगी घुबड आहे म्हणतेस ना? ते काय खातं, एवढंच सांग मला."

एवढंच! पुढे कळलं की शिकारी पक्षी काय खातो हे शोधण्याच्या चार-सहा पद्धती आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर थोडं वेगळं येतं.

माझं गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीच्या खोऱ्यात. वाटाणा, ज्वारी, बाजरी, कांदा, अंजीर-सीताफळाच्या बागा आणि मधूनमधून खडकाळ माळ. या माळातून पावसाळी ओढ्यांनी खोल घळी कापल्या आहेत. शृंगी घुबडाला असली जागा फार मानवते. दरडीत कपार असावी, वर खडकाचं छप्पर असावं आणि समोर उघडं रान. घरटं म्हणून ते काही बांधत नाही, कपारीतल्या मातीवरच अंडी घालतं. पुन्हा शेत जवळ असलं की उंदरांची सोय आपोआप होते.

आधी कागदपत्रं. घुबडं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि 1972 च्या त्या कायद्याने घरटं विस्कटणंसुद्धा शिकारीतच धरलं आहे. पिसं, हाडं उचलून घरी आणायची तरी परवानगी लागते. कॉलेजचं पत्र जोडून वनविभागाकडे अर्ज केला आणि मंजुरी हातात येईपर्यंत घळीत उतरले नाही. समोरच्या माळावरून दुर्बिणीने पाहत राहिले. नर कुठल्या दगडावर बसून घुमतो, मादी कुठे असते, अंधार पडल्यावर दोघं कुठल्या बाजूला उडतात, याच्या नोंदी वहीत जमत गेल्या. पुढचं सगळं काम या नोंदींवर उभं राहिलं. मला हव्या होत्या त्या गोळ्या घरट्यापेक्षा रोजच्या बसायच्या जागांखाली जास्त सापडतात.

गोळ्या म्हणजे पेलेट. घुबड लहानसहान भक्ष्य अख्खं गिळतं. मांस पचतं, केस, हाडं, दात, नखं, किड्यांची कवचं पचत नाहीत. पोटातल्या स्नायूंच्या भागात, पेषणीत, हे सगळं दाबलं जाऊन त्याचा गोळा होतो आणि काही तासांनी घुबड तो तोंडावाटे टाकून देतं. खाल्लेल्याची पावतीच म्हणा, फक्त जे पचलं त्याची नोंद तिच्यात नसते.

मॅडमनी गरुड का नाकारला तेही इथेच उमगलं. गरुड-ससाणे मांस फाडून खातात, हाडं बरीचशी टाकून देतात, आणि जी पोटात जातात ती तिथलं तीव्र आम्ल संपवतं. मोजमापांत घुबडांच्या जठरातल्या रसाचा सामू 2.35 च्या आसपास निघाला आहे आणि दिवसा शिकार करणाऱ्यांचा 1.6 च्या आसपास. सामू जितका कमी तितकं आम्ल तीव्र. आकडे जवळजवळचे दिसतात, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. म्हणजे फरक पाच-सहा पटींचा. गरुडाच्या गोळीत केस आणि पिसं मिळतात. घुबडाच्या गोळीत कवटी मिळते, तीही दातांसकट.

ही पद्धत रुळायच्या आधी लोक पोटं फाडून पाहत. 1885 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने ससाणे आणि घुबडं मारणाऱ्याला दर डोक्यामागे पन्नास सेंट इनाम लावलं होतं. कोंबड्या पळवतात हा त्यांचा गुन्हा. ए. के. फिशर यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी सुमारे 2,700 शिकारी पक्ष्यांच्या पोटांतलं अन्न तपासलं आणि 1893 मध्ये दाखवून दिलं की त्यांतल्या बहुतेक जाती शेतकऱ्याच्या उपयोगाच्या आहेत, उंदीर आणि किडे खाणाऱ्या. आपल्याकडे 1912 मध्ये मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचं बिहारमधल्या पुसाच्या पक्ष्यांवरचं असंच काम छापलं गेलं. पक्षी वाचवायचा तर आधी तो मारून पोट बघायचं, अशी ती तऱ्हा. 1930 च्या सुमाराला अमेरिकेतले संशोधक पॉल एरिंग्टन यांनी दुसरी युक्ती काढली. मोठ्या शिंगवाल्या घुबडाची वाढलेली पिल्लं ते घरट्याजवळ जमिनीवर बांधून ठेवत. आई-बाप पिल्लांना आणून देत राहत आणि एरिंग्टन येऊन भक्ष्य तपासत. आज अशी परवानगी मागायचीही माझी हिंमत होणार नाही.

घळीत उतरल्यावर पहिलं काम केलं ते साफसफाईचं. दगडांखाली, कपारीच्या तोंडाशी किती महिन्यांच्या गोळ्या साचल्या होत्या कोण जाणे. त्या सगळ्या उचलून 'बिनतारखेच्या' म्हणून वेगळ्या ठेवल्या आणि जागा झाडून स्वच्छ केली. पुढच्या फेरीला तिथे जे सापडेल ते या दोन तारखांच्या मधलं, एवढं तरी छातीठोक म्हणता येतं. याला फाटा दिला तर पावसाळ्यात काय खाल्लं आणि ज्वारी काढणीच्या वेळी काय, याची सगळी खिचडी होते. प्रत्येक गोळी वेगळ्या कागदी पिशवीत घालायची. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि बुरशी धरते. पिशवीवर तारीख आणि जागा शिसपेन्सिलीनेच लिहायची, पेनची शाई ओलीने फुटते.

माळावर मेंढरं घेऊन येणारे एक मामा होते. मला दगडाखाली वाकलेली पाहून त्यांनी लांबूनच हटकलं, "आवो ताई, कोल्ह्याची घाण कशापायी गोळा करताय?"

शंका रास्त होती. कोल्ह्याच्या विष्ठेतही केस आणि हाडांचे तुकडे असतात. पण ती एका टोकाला पीळ पडून निमुळती होते, वास मारते आणि आतली हाडं चावून चुरा झालेली असतात. घुबडाची सुकलेली गोळी हातात घेतली तर जवळजवळ वास नसतो, टोकं बोथट असतात आणि फोडली की आत अख्खी हाडं. मामांसमोर एक फोडून दाखवली. आतून जबडा निघाला, पिवळे दात तसेच जागेवर. त्यांनी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला आणि म्हणाले, "ह्यो तर रानउंदीर!" त्या दिवसापासून माळावर कुठे नवी गोळी दिसली की ते तिच्यावर दगड ठेवून खूण करू लागले. त्यांनी दाखवलेल्या एका जागेचा मला पत्ताच नव्हता. नर तिथे पहाटे बसत असे.

मादी अंड्यांवर असताना कपारीकडे गेलेच नाही. घुबड दिवसा उजेडात उडालं की कावळे त्याच्यामागे लागतात, आणि उघडी पडलेली अंडी मुंगूसही हेरतं. त्या काळात फक्त नराच्या दगडांखालचं गोळा केलं. माझ्या तक्त्यात या आठवड्यांसमोर घरट्याचे रकाने रिकामे आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत.

प्रयोगशाळेत पहिली लढाई कसरीशी. लोकरीला लागते ती कसर घुबडाच्या गोळ्यांनाही लागते, कारण केस तिथेही आहेत. अळ्या महिनाभरात अख्ख्या गोळीचा भुगा करतात. म्हणून आल्या आल्या गोळ्या भट्टीत मंद आचेवर कोरड्या करायच्या आणि डांबराच्या गोळ्या टाकलेल्या डब्यात ठेवायच्या. मग लांबी, रुंदी, वजन. हातमोजे आणि मास्क हवेतच. हे नुसतं कोरडं धूळकाम नाही, गोळीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात.

फोडायच्या तीन तऱ्हा. कोरडी फोडली तर चिमटा आणि सुईने केसांतून एकेक हाड सोडवावं लागतं. बशीत कोमट पाण्यात भिजवली तर गोळी स्वतःहून सैल होते, मग चहाच्या गाळणीतून धुवायचं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकली तर केस विरघळून जातात आणि तळाशी लखलखीत हाडं उरतात. वेळ वाचतो, म्हणून अनेकांना ही तिसरी वाट आवडते. मला नाही आवडली. केस गेले की केसांवरून ओळख पटवायची सोयही जाते, आणि वेळेकडे लक्ष नसलं तर बेडकाची काटकुळी हाडं पिठासारखी होतात. मी कोमट पाणी पत्करलं. संध्याकाळी मान आखडलेली असे.

ओळख पटवण्याचं काम मात्र मला मनापासून आवडलं. उंदराची कवटी एकदा पाहिली की विसरत नाही. पुढे वर-खाली दोन-दोन पटाशीचे दात, मग मोठी मोकळी जागा आणि मागे तीन-तीन दाढा. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी मोकळी जागाच नाही, टोकदार दातांची सलग रांग आहे, आणि गालाच्या हाडाची कमान नाही. चिचुंद्रीच्या वासाने मांजर तिला मारून टाकून देतं, घुबड मात्र खुशाल गिळतं. वटवाघळाच्या जबड्यात मोठे सुळे. सरड्याचे दात जबड्याच्या कडेलाच चिकटलेले, करवतीच्या पात्यासारखे. पक्ष्याची चोच आणि छातीच्या हाडाचा उभा कणा. खेकड्याच्या नांगीचा तुकडा, भुंग्याचे टणक पंख. विंचवाची एक गंमत आहे. त्याचं कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळं चमकतं आणि कवचाचे तुकडेही चमकतात. खोलीतला दिवा घालवून नोटा तपासायची छोटी बॅटरी बशीवर धरली की, साध्या डोळ्याला नुसता कचरा दिसणाऱ्या ढिगातून विंचवाची नांगी उठून दिसते.

खरी अडचण उंदरांमध्ये. सगळे 'उंदीर' म्हणून एका रकान्यात टाकले तर सोपं, पण मग शेतकऱ्याला सांगण्यासारखं काही उरत नाही. शेतातला मोठा काळपट उंदीर बिळात धान्य साठवतो, मऊ केसांचा रानउंदीर वेगळा, आणि दहा ग्रॅमचा इवलासा शेतउंदीर त्याहून वेगळा. वरच्या पटाशीच्या दातावर उभी खोबण दिसली तर मला वाटे, जर्बिल सापडला. जर्बिल म्हणजे शेपटीला झुपका असलेला, उड्या मारत पळणारा माळावरचा उंदीर. पण गोलुंडा नावाच्या झुडपातल्या उंदराच्या दातांवरही खोबण असते. मग कवटीच्या खाली कानाजवळचे फुगे बघायचे. जर्बिलचे चांगले टपोरे असतात. दाढांच्या चावण्याच्या बाजूलाही फरक आहे, जर्बिलच्या दाढेवर आडव्या पट्ट्या आणि गोलुंडाच्या दाढेवर उंचवटे. हे पुस्तकातल्या चित्रांवरून जमत नाही, शेजारी खरी कवटी ठेवावी लागते. म्हणून गावात सांगून ठेवलं होतं, रानात कोणी उंदीर मारला तर मला द्या. ते उकळून, स्वच्छ करून, नावाची चिठ्ठी बांधून संग्रह उभा केला. आईने यासाठी स्वयंपाकघरातलं एकही पातेलं दिलं नाही. चूलसुद्धा गोठ्यामागे मांडायला लावली.

आता मोजणी. एका गोळीत तीन डावे जबडे आणि दोन उजवे निघाले, तर उंदीर किती? निदान तीन. डावे वेगळे, उजवे वेगळे, कवट्या वेगळ्या मोजायच्या आणि मोठा आकडा धरायचा. हिशेब सरळ आहे, पण भक्ष्य मोठं असलं की बिघडतो. अडीचशे ग्रॅमचा उंदीर घुबड फाडून खातं, त्याचं डोकं एका गोळीत आणि मागचे पाय पुढच्या गोळीत. गोळीगणिक मोजलं तर एकाचे दोन होतात. म्हणून एका फेरीत एका जागेखाली सापडलेल्या सगळ्या गोळ्या एकत्र धरून मोजायचं ठरवलं. त्याने दुसरी बाजू लंगडी पडते, वेगळ्या रात्रींचे दोन उंदीर एक होऊन जातात. त्यातल्या त्यात मला कमी मोजणं पत्करतं. शिवाय सगळी हाडं परत येतात असंही नाही. 1974 मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी बंदिस्त घुबडांना मोजून भक्ष्य दिलं आणि गोळ्यांतली हाडं पुन्हा मोजली, तर त्यांतली बरीच पोटातच नाहीशी झाली होती. आपल्या आकड्याला 'कमीत कमी' हे शब्द कायमचे चिकटलेले असतात.

एकदा शेजारचे तात्या ओसरीवर येऊन बसले. मी भिजवलेली गोळी चाळत होते. गाळणीत जोंधळ्याचे दाणे उरले, चांगले टपोरे.

"घुबाड जोंधळा खातं व्हय गं?"

"नाही तात्या. होल्याने खाल्ला, होल्याला घुबडाने खाल्लं."

दाण्यांसोबत होल्याची पिसं आणि चोच तिथेच होती, म्हणून लगेच सांगता आलं. नेहमी इतकं सोपं नसतं. गोळीत टोळाचा जबडा मिळाला तर तो घुबडाने पकडलेला टोळ की घुबडाने गिळलेल्या सरड्याच्या पोटातला? त्याच गोळीत सरड्याची हाडं असतील तर मी किडा मोजत नसे. वाळूचे खडे आणि गवताच्या काड्यांनाही हाच नियम.

गोळ्यांवर इतका जीव लावल्यावर मॅडमनी विचारलं, "आणि कपारीत पडलेलं?" कपारीत उष्टं पडलेलं असतं. पारव्याची पिसं, कावळ्याचा पंख, सशाच्या पिल्लाचा मागचा पाय, एकदा तर पिंगळ्याचे पंख. घुबडाने घुबड खाल्लं याचं गावात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. फक्त या उष्ट्यावरून यादी केली तर आमचं शृंगी घुबड मोठा पक्षीमार ठरतं. गोळ्यांवरून केली तर उंदीरमार. दोन्ही एकाच जोडीच्या, एकाच हंगामातल्या. कारण साधं आहे. मोठे पंख आणि पाय खाल्ले जात नाहीत, ते पडून राहतात आणि डोळ्यांत भरतात. उंदराचं मागे काहीच उरत नाही, तो शेपटीसकट गिळला जातो. त्यात कोल्हं-मुंगूस येऊन हाडं पळवतात ते वेगळंच. शिकारी पक्ष्यांच्या आहाराबद्दलचं काहीही वाचताना आधी बघावं की यादी गोळ्यांवरून आहे, उष्ट्यावरून आहे की दोन्हींची बेरीज आहे. बेरीज करणाऱ्यांनी तोच पारवा दोनदा धरला नाही ना, हेही बघावं.

पिल्लं थोडी मोठी झाल्यावर परवानगीतल्या अटीप्रमाणे कपारीसमोर अवरक्त प्रकाशावर चालणारा ट्रॅप कॅमेरा लावला. मला वाटलं आता वाद मिटला, डोळ्यांसमोर पुरावा येणार. चित्रं भरपूर आली. त्यांतली निम्मीअधिक पिल्लांच्या पाठींची, गवताच्या पात्यांची आणि एका जिज्ञासू सरड्याची. जी कामाची होती त्यांत नराच्या चोचीत काहीतरी लोंबत असे. चोचीची लांबी माहीत असल्यामुळे तिच्याशी ताडून भक्ष्याचा आकार सांगता येई. जात सांगणं अवघड, कारण पुष्कळदा उंदराला डोकंच नसे.

हे बिनडोक्याचे उंदीर माझ्या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरली, असं मला आजही वाटतं. नर मोठा उंदीर मारतो, डोकं तिथेच खातो आणि धड घरी आणतो. म्हणजे कवटी आणि जबडा नराच्या गोळीत जाणार, आणि ती गोळी पडणार त्याच्या दगडाखाली. धडाची हाडं मादीच्या आणि पिल्लांच्या गोळ्यांत. मी घरट्यातल्या गोळ्यांत जबडे मोजत होते आणि मोठे उंदीर कमी भरत होते. त्याच गोळ्यांत मांड्यांची आणि कमरेची हाडं मोजली तर आकडा वर जायचा. मग कुठलं हाड मोजून काय येतं याचा तक्ता केला आणि घरटं व दगड हे दोन वेगळे हिशेब ठेवले. कॅमेरा नसता तर हे सुचलंच नसतं.

कॅमेऱ्याचीही एक खोट आहे. नर लांबून जड काहीतरी आणतो, कारण टोळ किंवा भुंगा घेऊन येण्यात त्याला काही परवडत नाही. ते तो जागीच खाऊन टाकतो. त्यामुळे कॅमेऱ्यातला आहार नेहमी खऱ्यापेक्षा मोठ्या प्राण्यांचा दिसतो. आणि पिल्लं उडाली की कॅमेऱ्याचं काम संपलं. उरलेल्या वर्षाचं तो काहीच सांगत नाही. पावसाळ्यात खेकडे आणि बेडूक वाढतात हे गोळ्यांवरूनच कळलं, तेही ज्या गोळ्या खडकाच्या आडोशाला पडल्या त्यांच्यावरून. उघड्यावरच्या एका सरीत वाहून जातात.

वर्गातल्या एका मित्राचं म्हणणं होतं की हे सगळं जुनं झालं, आता डीएनए काढायचा. खरं आहे, ताज्या गोळीतून किंवा विष्ठेतून डीएनए काढून भक्ष्याची जात सांगता येते, हाड एकही नसलं तरी. मऊ, पूर्ण पचणाऱ्या भक्ष्यासाठी दुसरा उपायच नाही. पण उन्हात पडलेल्या गोळीतला डीएनए लवकर मोडतो. किती उंदीर खाल्ले हे त्यातून कळत नाही, फक्त खाल्ले एवढंच. होल्याच्या पोटातला जोंधळा तर तिथेही डोकावणार. आणि जुळवून बघायला इथल्या उंदरांचे खात्रीचे नमुने आधी साठवलेले हवेत.

मला स्वतःला मोह पडला तो समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या अणूंचा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांच्या कार्बनमधलं जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण गहू, हरभरा, वाटाण्यापेक्षा वेगळं असतं, कारण त्यांची अन्न तयार करायची रासायनिक वाट वेगळी आहे. उंदराने ज्याच्या शेतात खाल्लं त्याची खूण उंदराच्या मांसात उतरते आणि तिथून घुबडाच्या पिसात. पीस वाढतं तेवढ्या काळाचा आहार त्यात बंद होतो. म्हणजे गळालेल्या एका पिसावरून निदान इतकं सांगता येईल की हे घुबड ज्वारी-उसातल्या उंदरांवर पोसलं की वाटाण्यातल्या. नायट्रोजनचे जड अणू अन्नसाखळीच्या दर पायरीला वाढत जातात, त्यावरून उंदीर जास्त की उंदीर-किडे खाणारे प्राणी जास्त, याचाही अंदाज येतो. मात्र एकेका नमुन्याचा खर्च विद्यार्थ्याला झेपणारा नव्हता. गळालेली पिसं परवानगीच्या कागदासह कॉलेजच्या कपाटात आहेत.

शेवटी आकडे मांडताना पुन्हा एक फाटा आला. संख्या लिहायची की वजन? माझ्या एका महिन्याच्या तक्त्यात संख्येने इवलेसे शेतउंदीर आणि चिचुंद्र्या पुढे होत्या. वजन धरलं की त्या मागे पडल्या, कारण वीसेक शेतउंदीर मिळून मोठ्या काळपट उंदराच्या एका धडाइतकं मांस होतं. घुबडाचं पोट वजनाने भरतं, शेतकऱ्याचं नुकसानही बरंचसं मोठ्या उंदराने होतं. पण घुबडाची मेहनत संख्येत असते, प्रत्येक शेतउंदरामागे एक झेप आहेच. मी दोन्ही तक्ते दिले. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं यावरच अडवलं, "यातला खरा कुठला?" मी म्हणाले, "कोण विचारतंय त्यावर आहे, सर." त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी खिडकीकडे.

प्रबंधाची प्रत तात्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी आतली चित्रं चाळली, मग तक्त्यावर बोट ठेवलं. "हे समदं ठीक. पर माझ्या रानातलं किती कमी झालं?"

गोळ्यांमधून याचं उत्तर येत नाही. घुबडाने काय खाल्लं हे कळलं. रानात काय होतं, किती होतं आणि त्यातलं त्याने काय निवडलं, हे कळायला रानातलेच उंदीर मोजावे लागतात. त्यामुळे ज्वारी काढणीनंतर तात्यांच्याच बांधावरून सुरुवात केली आहे. संध्याकाळी चालत जाऊन सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी त्यातली किती पुन्हा उघडली ते मोजायचं. उघडलेलं बीळ म्हणजे आत कोणीतरी राहतंय. तात्यांनी या वर्षी बांधावर झिंक फॉस्फाइडचं आमिष टाकायचं थांबवलं आहे, मोजणी होईपर्यंत तरी. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबड आधी उचलतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. शेजारच्या बांधावर मात्र आमिष पडतं, म्हणून तिथली बिळं वेगळ्या वहीत लिहिते.